ऑफर लेटरमध्ये सीमेबद्दलही लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या नोकरीसाठी दुसऱ्या देशात शिफ्ट व्हायचं ठरलं की सगळ्यात आधी पगाराचं बोलणं होतं, मग घरभाडं, मग मुलांची शाळा, आणि व्हिसाचं काय असं कोणी विचारलंच तर "ते कंपनी बघते" एवढं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. तिथे गेल्यावर सीमा कितीदा ओलांडावी लागणार, ओलांडली तर परत येता येणार का, आणि उद्या ती अचानक बंद झाली तर काय करायचं, हे कोणी विचारत नाही आणि कंपनीही आपणहून सांगत नाही. मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे, परदेशी बदल्यांची कागदपत्रं बघणं हेच माझं काम, आणि माझं स्पष्ट मत झालंय की सीमेबद्दलची माहिती ऑफर लेटरमध्ये लेखी असायला हवी, पगाराच्या आकड्याइतकीच ठळक. तेवढ्यासाठीच हे पत्र.

आधी लोक कसे बदललेत ते सांगते. काही वर्षांपूर्वी युरोपात जाणारा माणूस हमखास विचारायचा की तिथून वीकेंडला कुठेकुठे जाता येईल, आणि अमेरिकेत जाणारा विचारायचा की वर्षातून घरी यायला सुट्टी किती मिळेल. आता तेच लोक हळू आवाजात विचारतात, "बाहेर गेलो तर परत आत येता येईल ना?" प्रवासाची हौस गेलेली नाही, पण सीमा म्हणजे फक्त शिक्का मारायची खिडकी हा समज गेला. ज्यांना हे घाबरटपणाचं वाटतं त्यांना माझं सांगणं आहे की हा घाबरटपणा नाही, गेल्या पाच-सहा वर्षांत जे घडलं ते बघून आलेलं शहाणपण आहे.

सिंगापूर आणि मलेशियाचंच बघा. मलेशियाचं जोहोर बाहरू शहर आणि सिंगापूर यांना जोडणारा कॉजवे, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेला रस्ता, जेमतेम एक किलोमीटरचा, १९२४ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालं, आणि कोविडच्या आधी रोज तीन लाखांच्या आसपास लोक तिथून ये-जा करत होते. घर मलेशियात, नोकरी सिंगापुरात, कमाई सिंगापूर डॉलरमध्ये आणि खर्च रिंगिटमध्ये, पहाटे अंधारात घर सोडायचं आणि रात्री मुलं झोपल्यावर परतायचं, असं हजारो घरांचं गणित बसलेलं होतं. मग १६ मार्च २०२० ला रात्री मलेशियाने जाहीर केलं की १८ तारखेपासून बाहेर जाणं बंद. हातात एक दिवस. १७ मार्चला लोक पाठीवर बॅगा घेऊन, काही जण मोटरसायकलवर, मिळेल त्या वाटेने सिंगापूरकडे निघाले कारण पलीकडे नाही पोहोचलो तर नोकरी जाईल ही भीती, आणि पोहोचलो तर घर कधी दिसेल ते माहीत नाही, आणि हा निर्णय काही तासांत घ्यायचा होता. त्या रात्री कित्येकांना झोपायलाही जागा नव्हती, नंतर सिंगापूर सरकारने आणि कंपन्यांनी सोय केली. ऑगस्ट २०२० मध्ये एक योजना आली, पण तिच्यात अट अशी की सलग तीन महिने तरी काम केल्यावरच थोड्या दिवसांसाठी घरी जाता येईल. पूर्वीसारखी मोकळी ये-जा सुरू व्हायला १ एप्रिल २०२२ उजाडला. म्हणजे दोन वर्षं. ज्याचं मूल तेव्हा नुकतंच जन्माला आलं असेल ते बाप घरी येईपर्यंत चालायला-बोलायला लागलं असेल, आणि या माणसाच्या करारात सीमा बंद झाली तर काय होईल याबद्दल बहुधा एक ओळसुद्धा नसेल.

कोविड होता, असं काही पुन्हा होणार नाही, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या ब्रिटिश ताब्यातल्या जिब्राल्टरची सीमा स्पेनने जून १९६९ मध्ये बंद केली तेव्हा कुठलीही साथ नव्हती, तो निव्वळ राजकीय निर्णय होता. रोज कामाला जाणाऱ्या हजारो स्पॅनिश माणसांची नोकरी एका दिवसात गेली, आणि नातेवाईक कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून ओरडून एकमेकांशी बोलायचे. पायी जाणाऱ्यांसाठी ती डिसेंबर १९८२ मध्ये उघडली आणि पूर्ण उघडायला फेब्रुवारी १९८५ लागला. म्हणजे पायी जायलाच तेरा वर्षांहून जास्त! आज तिथे पुन्हा पंधरा हजारांच्या आसपास लोक रोज कामासाठी ये-जा करतात, आणि ब्रेक्झिटनंतर त्यांचं काय यावर जून २०२५ मध्ये राजकीय समझोता होईपर्यंत या लोकांनी कित्येक वर्षं जीव मुठीत धरून काढली.

आणि सगळ्यात मोकळा म्हणून ज्याचं नाव घेतात तो शेंगेन भाग, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेले युरोपातले देश. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावाजवळ, मोझेल नदीत उभ्या असलेल्या बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या, मार्च १९९५ पासून प्रत्यक्षात सात देशांमधली तपासणी थांबली, आणि आज २९ देश त्यात आहेत, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी तिचं मनापासून कौतुक करते, कारण दोन महायुद्धं लढलेल्या देशांनी एकमेकांच्या दारावरचे पहारे काढले. पण मार्च २०२० मध्ये याच भागात जर्मनीचं कॉन्स्टान्झ आणि स्वित्झर्लंडचं क्रॉइझलिंगन या एकमेकांना चिकटलेल्या शहरांच्या मध्ये कुंपण उभं राहिलं, आणि लोक कुंपणाच्या जाळीतून बोटं धरतायत म्हटल्यावर थोडं अंतर सोडून दुसरं कुंपण घातलं गेलं. कोविड संपला तरी सगळं पूर्ववत झालंय असं नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, म्हणायला तात्पुरती, पण मुदती वाढत गेल्या. रोज ती सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्याला यामुळे कोणी अडवत नाही हे खरं, पण हायवेवर गाड्यांची रांग लागते आणि ऑफिसला किती वाजता पोहोचणार याची खात्री राहत नाही.

स्वीडन-डेन्मार्कचं उदाहरण मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. ओरेसुंड पूल १ जुलै २००० ला सुरू झाला, पूल, कृत्रिम बेट आणि बोगदा मिळून साधारण १६ किलोमीटर, आणि त्यानंतर स्वीडनमधल्या माल्मोत स्वस्त घर घेऊन डेन्मार्कच्या कोपनहेगनला नोकरी करायची हे इतकं सरळ झालं की माल्मो आणि कोपनहेगन हे एकच शहर असल्यासारखं लोक बोलायला लागले. तरुण जोडप्यांनी त्या भरवशावर घरांची कर्जं काढली. मग निर्वासितांच्या प्रश्नावरून ४ जानेवारी २०१६ ला स्वीडनने डेन्मार्ककडून येणाऱ्या ट्रेनमध्ये ओळखपत्र तपासणं सक्तीचं केलं. कोपनहेगनच्या विमानतळाच्या स्टेशनवर उतरायचं, ओळखपत्र दाखवायचं, पुन्हा ट्रेन पकडायची. हे मे २०१७ पर्यंत चाललं. मधल्या काळात काहींनी नोकरी सोडली, काहींनी घर बदललं, कारण मुलाला पाळणाघरातून वेळेवर घ्यायचं असेल तर रोज अर्धा-पाऊण तास जास्त जाणं परवडत नाही. सीमा बंद नव्हती हे लक्षात घ्या, थोडी मंद झाली एवढंच, पण तेवढ्यानेच माणसाचं आयुष्य हललं.

आता आपल्या लोकांचा मुद्दा, कारण वरची बहुतेक उदाहरणं त्या-त्या देशाच्या नागरिकांची आहेत आणि आपण भारतीय पासपोर्टवर जातो. इथे मला सगळ्यात जास्त फसगत दिसते. कोणीतरी सांगतं की जिनिव्हात नोकरी मिळाली तर फ्रान्समध्ये राहा, भाडं कमी पडतं, लाखभर लोक तसंच करतात. करतात हे खरंय, पूर्ण स्वित्झर्लंड धरलं तर असे चार लाखांच्या आसपास लोक आहेत, पण ते मुख्यतः युरोपियन नागरिक. त्यांना 'जी' (G) परमिट, म्हणजे शेजारच्या देशात राहून स्वित्झर्लंडमध्ये काम करायचा परवाना, सहज मिळतं. आपल्यासारख्या तिसऱ्या देशाच्या माणसाला 'जी' परमिट हवं असेल तर स्वित्झर्लंडच्या शेजारी देशात कायमच्या वास्तव्याची परवानगी आधी पाहिजे आणि तिथल्या सीमाभागात निदान सहा महिने राहिलेलं पाहिजे. नव्याने शिफ्ट होणाऱ्याकडे हे कुठून असणार? तसंच माल्मोत स्वीडिश परमिटवर राहणाऱ्या भारतीयाला कोपनहेगनची नोकरी मिळाली तरी डेन्मार्कचं वर्क परमिट वेगळं काढावं लागतं. लक्झेंबर्गमध्ये जवळपास निम्मे कर्मचारी रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून येतात, पण त्यांच्यासारखं करायचं म्हटलं तर आपल्याला तिथल्या कामाची परवानगी स्वतंत्र लागते. आणि मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय म्हणून जोहोरला राहून सिंगापूरची नोकरी करावी असा विचार कोणी करत असेल तर त्यांना कळकळीने सांगते की ती सवलत फिरायला येणाऱ्यांसाठी आहे, घर करून राहण्यासाठी नाही.

शेंगेनबद्दलचा दुसरा गैरसमजही इतका पसरलाय की दर वेळी तेच समजवावं लागतं. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट हातात आलं म्हणजे २९ देश आपले, असं लोकांना वाटतं. त्या परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत फिरता येतं, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत, पण तिथे नोकरी करता येत नाही आणि राहता येत नाही. युरोपियन युनियनचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचं परमिट, असेल तर पहिल्या देशात बारा महिने काढल्यावर दुसऱ्या देशात जाणं सोपं होतं, पण डेन्मार्क आणि आयर्लंड त्या योजनेत नाहीत. म्हणजे नोकरी बदलताना सीमा मध्ये आली की तुमची बरीचशी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून, आणि हे कळतं कधी, तर इकडे राजीनामा देऊन झाल्यावर.

अमेरिकेचं तर काय सांगावं. तिथे एच-वन-बीवर, म्हणजे कुशल नोकरदारांच्या वर्क व्हिसावर, असणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट घरच्या लोकांना कधीच नीट समजत नाही ती अशी, की तिथे राहायची परवानगी वेगळी आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का वेगळा. परवानगी तिकडेच वाढवून मिळते, पण शिक्का संपला असेल आणि देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत जायला नवा शिक्का अमेरिकेच्या बाहेरच घ्यावा लागतो. म्हणून नोकरी व्यवस्थित चालू असलेला माणूसही भावाच्या लग्नाला यायचं की नाही याचा महिना-महिना विचार करतो आणि घरच्यांना वाटतं की हा आता बदलला, याला आपलं काही नाही. तो बदललेला नसतो हो. पूर्वी निदान असं करता यायचं की कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन शिक्का घेऊन यायचा, पण ६ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने सांगितलं की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच करायचा. त्याच महिन्यात व्हिसाच्या इंटरव्ह्यूची माफीसुद्धा बरीच कमी केली. आणि १९ सप्टेंबरला एच-वन-बीच्या अर्जावर एक लाख डॉलर फीचा आदेश आला, दोन दिवसांत लागू, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना मेल पाठवले की ताबडतोब परत या, आणि सुट्टीवर आलेली माणसं मिळेल त्या तिकिटाने विमानतळावर धावली. नंतर खुलासा झाला की ही फी नव्या अर्जांसाठी आहे, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांच्यासाठी नाही. पण त्या दोन दिवसांत लोकांच्या मनात जे बसलं ते एखाद्या खुलाशाने जाणार नाही. मग डिसेंबरमध्ये अर्जदाराचा सोशल मीडिया तपासायचा नियम एच-वन-बीलाही लागू झाला आणि भारतातल्या कितीतरी अपॉइंटमेंट एकदम काही महिने पुढे ढकलल्या गेल्या, दोन आठवड्यांची रजा घेऊन आलेले लोक इकडेच अडकून पडले.

यातलीच एक बारीक पण घातक गोष्ट नोकरी बदलणाऱ्यांसाठी. अमेरिकेत शिकणारा विद्यार्थी एफ-वन या स्टुडंट व्हिसावरून एच-वन-बीवर तिथल्या तिथे बदल होण्यासाठी अर्ज करतो आणि तो अर्ज पेंडिंग असताना देशाबाहेर गेला तर तो बदलाचा अर्ज सोडून दिलाय असं धरतात, मग बाहेरून शिक्का घेऊनच आत यावं लागतं. वीस-बावीस वर्षांची मुलं असतात, नव्या नोकरीच्या आनंदात आधी घरी भेटून येऊ म्हणतात. एक ओळ लिहिली असती ऑफर लेटरमध्ये तर काय बिघडलं असतं?

हे फक्त आपल्यासारख्यांच्या बाबतीत होतं असंही नाही. अमेरिका आणि कॅनडाची सीमा ही जगातली सगळ्यात लांब, ८,८९१ किलोमीटर, आणि अगदी २००८ च्या सुरुवातीपर्यंत तिथे दोन्हीकडचे नागरिक नुसतं तोंडी सांगून पलीकडे जाऊ शकत होते. जून २००९ पासून पासपोर्ट किंवा तसं कागदपत्र लागायला लागलं. मार्च २०२० मध्ये बिनगरजेचा प्रवास बंद झाला तो कॅनडाच्या बाजूने ऑगस्ट २०२१ मध्ये आणि अमेरिकेच्या बाजूने जमिनीवरून नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडला. कॅनडातल्या विंडसरमध्ये राहून पलीकडे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या नर्सेसना मात्र त्या काळातही रोज सोडत होते, कारण त्यांच्याशिवाय हॉस्पिटलं चाललीच नसती. आणि २०२५ मध्ये तर सीमा उघडी असूनही कॅनडाचे लोक जायचे थांबले. अमेरिकेने कॅनडाच्या मालावर टॅरिफ लावले, कॅनडाला आपलं एक्कावन्नावं राज्य करू अशी भाषा झाली, तेव्हा गाडीने अमेरिकेत जाऊन येणाऱ्या कॅनेडियन लोकांची संख्या महिन्यामागून महिने आदल्या वर्षापेक्षा साधारण तीस टक्क्यांनी कमी राहिली. पिढ्यान्पिढ्या शेजारी म्हणून ये-जा करणारी माणसं स्वतःहून थांबली यातच सगळं आलं. अशा वेळी सीमेपलीकडे नोकरी असलेल्या माणसाने काय करायचं, त्याला शेजारी रागावलाय म्हणून घरी बसता येत नाही.

तंत्रज्ञानाने सगळं सोपं होतंय हा मुद्दाही मला मान्य आहे, अर्धा. कॉजवेच्या सिंगापूरकडच्या वुडलँड्स चेकपॉइंटला मार्च २०२४ पासून पासपोर्टच्या जागी क्यूआर कोड चालतो. जोहोर आणि सिंगापूरमध्ये चार किलोमीटरची आरटीएस रेल्वे बांधली जातेय, तासाला एका दिशेने दहा हजार माणसं नेणारी, दोन्ही देशांचं इमिग्रेशन निघतानाच एका जागी करायचं अशी सोय. शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली. रांगा कमी होतील, होऊ देत. पण मशीन फक्त रांग कमी करतं, दार उघडं ठेवायचं की नाही हे दुसरंच कोणीतरी ठरवतं. शिवाय नव्या सिस्टीममध्ये तुमचा आत-बाहेरचा प्रत्येक दिवस मोजला जातो, पूर्वी अस्पष्ट शिक्क्यावर निभावून जायचं ते आता निभावणार नाही.

दिवस मोजण्याचं तर वेगळंच प्रकरण आहे आणि यात घरून काम करणारे सगळ्यात जास्त अडकतात. त्यांना वाटतं सीमा ओलांडायचीच नाही, लॅपटॉप घरी उघडायचा, मग प्रश्नच नाही. पण लक्झेंबर्गच्या कंपनीसाठी फ्रान्समधल्या घरून वर्षाला ३४ दिवसांपेक्षा जास्त काम केलं तर त्या घरून केलेल्या कामाच्या पगारावर फ्रान्सचा टॅक्स लागायला लागतो, बेल्जियम आणि जर्मनीशीही आता तोच ३४ चा आकडा ठरलाय. सोशल सिक्युरिटीचा हिशोब पुन्हा निराळा, राहत्या देशात २५ टक्के किंवा जास्त काम झालं की विमा-पेन्शन त्या देशाकडे जायचं, मग जुलै २०२३ पासून बऱ्याच देशांनी मिळून करार केला की अर्ज केला तर ५० टक्क्यांच्या आतपर्यंत चालेल. कायम वास्तव्य हवं असेल तर आणखी वेगळी मोजणी, यूकेत स्किल्ड वर्कर व्हिसावर असणाऱ्याला कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही, कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात. आणि सीमेवर आजारी आई-वडिलांची अडचण सांगून हे आकडे सहजासहजी बदलत नाहीत. ज्याला हे आधीपासून माहीत असतं तो दिवस राखून ठेवतो, ज्याला नसतं त्याला ऐन वेळी आई की परमिट असं निवडावं लागतं, आणि असं निवडताना मी माणसांना रडताना बघितलंय, अनुभवी, मोठ्या पदावरच्या माणसांना.

या सगळ्यावरून जाऊच नका असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. जा, जरूर जा, मी स्वतः कितीतरी जणांना पाठवलंय आणि त्यांचं चांगलं झालेलं बघून मला आनंद होतो. १९१४ च्या आधी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्टशिवाय फिरता यायचं, पहिल्या महायुद्धात तो तात्पुरता म्हणून सक्तीचा झाला, आणि १९२० मध्ये पॅरिसच्या परिषदेत राष्ट्रसंघाने त्याचं पुस्तक कसं असावं हे ठरवून टाकलं, तेव्हापासून तो कायमचाच झाला. तात्पुरते म्हणून आलेले सीमेचे नियम असे मुक्काम ठोकतात. म्हणून ते उद्या जातील अशी वाट बघत बसण्यापेक्षा आज ते धरूनच घर, नोकरी, कर्ज, शाळा ठरवावं.

माझी कंपन्यांकडे मागणी साधी आहे. ऑफर लेटरसोबत एक पान द्या. त्यात लिहा की या परमिटवर सीमेच्या कुठल्या बाजूला राहता येतं आणि कुठल्या नाही, सीमा बंद झाली किंवा व्हिसाची अपॉइंटमेंट पुढे ढकलली गेली तर कर्मचाऱ्याला बाहेरून काम करू देणार का आणि किती दिवस पगार देणार, अडकून पडला तर राहण्याचा खर्च कोण करणार, घरून किती दिवस काम केलं की टॅक्स आणि विमा दुसऱ्या देशात जातो, कुठला अर्ज पेंडिंग असताना बाहेर जायचं नाही, आणि जोडीदाराला काम करता येतं का. काही चांगल्या कंपन्या हे तोंडी सांगतात, पण सांगणारा मॅनेजर सहा महिन्यांत बदलतो आणि मग कोणालाच काही आठवत नाही. लेखीच पाहिजे. आणि कंपनी हे द्यायला कां-कूं करत असेल तर इकडचा राजीनामा देण्याआधीच, पगारावर घासाघीस करतो तशी यावरही करा, उत्तर मेलवर मागा. वयाने लहान असलेल्यांना हे विचारायचा संकोच वाटतो, ऑफर काढून घेतील असं वाटतं. मी इतकी वर्षं टेबलाच्या या बाजूला बसलेय, नीट विचारलेल्या प्रश्नावरून कोणाची ऑफर गेलेली मी बघितलेली नाही.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक विनंती आहे. करिअरच्या पानावर परदेशातल्या नोकऱ्यांबद्दल छापताना पगारासोबत त्या देशाच्या परमिटचे हे चार-दोन नियमही छापावेत, आणि नियम बदलले की पुन्हा छापावेत. जिनिव्हा, माल्मो, सिंगापूर आणि अमेरिकेबद्दलचं मजकुराचं काम मी विनामूल्य करून द्यायला तयार आहे, नियम तपासायला सरकारी संकेतस्थळांचे पत्तेही देईन. एप्रिल-मेमध्ये कॅम्पसमधून ऑफर हातात पडतात, त्याच्या आधी पहिला मजकूर आला तर बऱ्याच मुलामुलींना वेळेत उपयोग होईल.

आपली,
एक वाचक